दडे बसलेला कान आणि घरातले उपाय

पत्राचा सारांश: पुण्यात कर्वेनगरला राहणारे ४२ वर्षांचे एक वाचक हिंजवडीतील एका संगणक कंपनीत काम करतात आणि दिवसातले पाच-सहा तास त्यांच्या कानांत इअरफोन असतात. आंघोळीनंतर रोज कापसाच्या काडीने, म्हणजे बडने, कान साफ करण्याची त्यांची अनेक वर्षांची सवय आहे. नऊ दिवसांपूर्वी न्हाल्यानंतर त्यांच्या उजव्या कानाला एकाएकी दडे बसले. बड थोडा अधिक आत फिरवल्यावर ते वाढले आणि आता कानात बारीक गुंइंग आवाजही येतो. कान दुखत नाही. त्यांच्या ७१ वर्षांच्या आई लसूण घालून तापवलेले तेल कानात सोडायला सांगतात, सहकाऱ्याने मोबाइलला जोडायचे कॅमेऱ्याचे कानकोरणे सुचवले आहे आणि पत्नी डॉक्टरांकडे जाण्याचा आग्रह धरते. परंतु कान धुताना काकांच्या कानाचा पडदा फाटला होता, ही आठवण असल्यामुळे त्यांना दवाखान्याची भीती वाटते. ते विचारतात: 'रोज साफ करूनही मळ साचलाच कसा? घरच्या घरी कान साफ करण्याची सर्वांत सुरक्षित पद्धत कोणती? आईला मधुमेह आहे, तिलाही हल्ली कमी ऐकू येते आणि ती टीव्हीचा आवाज फार मोठा ठेवते. तर त्याच पद्धतीने दोघांचेही कान एकदाच साफ करून घेता येतील का?'

उत्तर: नमस्कार. तुम्ही विचारलेली घरगुती पद्धत मी पुढे सविस्तर सांगणार आहे, कारण अनेक वाचकांना तिचा उपयोग होईल. पण तुमच्या उजव्या कानासाठी सध्या ती वापरू नका, हे आधीच सांगायला हवे. एकाच कानाला अचानक दडे बसून नऊ दिवस झाले आहेत आणि त्या कानात आवाजही येऊ लागला आहे, तेव्हा उद्या-परवाच कान-नाक-घसा तज्ज्ञांना तो दाखवा. न्हाल्यानंतर लगेच दडे बसले, यावरून मळच फुगला असावा असे वाटते. साचलेला मळ पाणी शोषून फुगतो आणि आवाज आत जायला शिल्लक असलेली बारीकशी फटही बुजते. म्हणून कालपर्यंत व्यवस्थित ऐकणाऱ्या माणसाला आज एकदम ऐकू येईनासे होते. परंतु आतल्या कानाची किंवा श्रवणाच्या नसेची शक्ती अचानक कमी होते, तेव्हाही माणसाला नेमके असेच वाटते. दुखत काहीच नाही, कान मात्र भरल्यासारखा होतो आणि आत आवाज येत राहतो. अशा वेळी मळ असेल, सर्दी असेल, असे म्हणून बरेच जण थांबून राहतात. त्या आजारावर सहसा स्टिरॉइडचे उपचार दिले जातात आणि ते पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर गुण येण्याची शक्यता अधिक असते. दोन आठवडे उलटून गेल्यावर ती बरीच घटते. तुमच्या बाबतीत ही शक्यता कमी आहे, तरीही ती नाकारण्यासाठी डॉक्टरांकडून कान आणि ऐकणे तपासून घेण्याखेरीज दुसरा मार्ग नाही.

तोवर एक साधी परीक्षा करून पाहता येईल. ओठ मिटून एका सुरात गुणगुणा आणि तो सूर कोणत्या कानात अधिक भरतो याकडे लक्ष द्या. कर्णनलिकेत, म्हणजे कानाच्या तोंडापासून पडद्यापर्यंतच्या वाटेत, अडथळा असला तर आपलाच आवाज सहसा दडे बसलेल्या कानात मोठा वाटतो. नसेची शक्ती कमी झाली असेल तर तो चांगल्या कानाकडे सरकल्यासारखा वाटतो. डॉक्टर धातूचा कंपनकाटा कपाळावर टेकवून हीच गोष्ट अधिक नेमकेपणाने तपासतात. सूर डाव्या, म्हणजे तुमच्या चांगल्या कानाकडे गेला तर उद्याची वाटही न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. उजव्या कानात मोठा वाटला तर मळाची शक्यता वाढते, परंतु या घरच्या परीक्षेवर विसंबून तपासणी टाळू नये.

आता तुमचा पहिला प्रश्न. रोज साफ करूनही मळ साचला, असे तुम्ही खेदाने लिहिले आहे. मला वाटते, रोज साफ केल्यामुळेच तो साचला असावा. प्रौढ माणसाची कर्णनलिका सुमारे अडीच सेंटीमीटर लांब असते. तिचा बाहेरचा एक-तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणजे लवचिक मऊ हाडाचा, असतो. बारीक केस आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथी याच भागात असतात. आतला दोन-तृतीयांश भाग हाडाचा असतो, तिथे या ग्रंथी नसतात आणि हाडावरची त्वचा अतिशय पातळ असते. पडद्याच्या अगदी लगत मळाचा गोळा सापडतो तेव्हा तो बहुतेक वेळा तिथे तयार झालेला नसतो, बाहेरून ढकलला गेलेला असतो. बडचा कापूस मळाचा थोडासा थर पुसून आणतो आणि तो पाहून आपल्याला कान स्वच्छ झाल्याचे समाधान मिळते. उरलेला मळ मात्र दर वेळी थोडा आत सरकतो आणि दाबला जातो.

मुळात कानाला आपल्या मदतीची गरज फारशी नसते. पडद्यावरची आणि नलिकेतली त्वचा सावकाश बाहेरच्या दिशेने सरकत असते, साधारण नखे वाढतात त्याच गतीने, आणि ती आपल्याबरोबर जुना मळ, मृत त्वचा व धूळ बाहेर आणते. बोलताना आणि चावताना जबड्याची जी हालचाल होते, तिचीही याला मदत होते. शरीराच्या इतर कोणत्याही भागाची त्वचा अशी आपणहून एका दिशेने चालत नाही. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला फार नवल वाटले होते आणि आजही वाटते. मळ हा या व्यवस्थेचाच भाग आहे. तो किंचित आम्लधर्मी असल्यामुळे जंतू आणि बुरशी यांना आळा घालतो, आणि तेलकट असल्यामुळे पाणी त्वचेत मुरू देत नाही. तो रोज पुसून काढला की त्वचा कोरडी पडते, कोरडी पडली की खाजते, खाजली की आपण पुन्हा काडी घालतो. पुष्कळांची 'कान साफ केल्याशिवाय राहवत नाही' ही तक्रार या चक्रातूनच आलेली असते. मळाचा रंग गडद आहे किंवा तो चिकट आहे, म्हणून तो अस्वच्छतेचे लक्षण ठरत नाही. मळ ओला की कोरडा, हे मुख्यतः एका जनुकावर ठरते, असे जपानी संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले आहे.

म्हणून 'कान कसा साफ करावा' याच्याही आधी 'तो साफ करायला हवा आहे का' हा प्रश्न विचारावा. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली सुधारित केलेल्या मार्गदर्शक सूचनांचा गाभाही असाच आहे: ऐकू कमी येणे, कान भरल्यासारखा वाटणे, दुखणे, खाजणे, आवाज येणे अशी लक्षणे असतील किंवा मळामुळे पडदा तपासता येत नसेल, तरच मळ काढावा. नुसता दिसतो म्हणून काढण्याची गरज नाही. लहान मुले, मतिमंद व्यक्ती आणि अंथरुणाला खिळलेले वृद्ध यांना आपली तक्रार सांगता येत नाही, तेव्हा त्यांचे कान अधूनमधून डॉक्टरांकडून पाहून घ्यावेत.

तुमच्या इअरफोनचाही यात वाटा असू शकतो. रबरी टोक नलिकेत तासन्तास बसून राहिले की बाहेर येणाऱ्या मळाची वाट अडते आणि आत दमटपणा वाढतो. कामामुळे ते पूर्ण सोडणे शक्य नसेल तर कानावर बसणारे हेडफोन वापरून पाहा, आणि इअरफोनची टोके नियमित पुसत जा.

आईंच्या तेलाविषयी मी जरा सविस्तर लिहिते, कारण या विषयावर घराघरांत वाद होतात आणि दोन्ही बाजूंना थोडे थोडे खरे असते. तेलाने मळ मऊ होतो हे खरे आहे. ऑलिव्हचे किंवा बदामाचे तेल परदेशातील डॉक्टरही सुचवतात. आयुर्वेदातही कर्णपूरण, म्हणजे कानात तेल भरण्याची क्रिया, आहे, परंतु ते करण्यापूर्वी जाणता वैद्य कान तपासतो. धोका असतो तो कान न पाहता तेल घालण्यात, आणि ते तापवून घालण्यात. लसूण तडतडवलेले तेल बोटाला कोमट वाटले तरी कानाच्या पातळ त्वचेला भाजू शकते, आणि लसणाच्या रसाने त्वचेची आग होते ती वेगळीच. पडद्याला छिद्र असेल तर तेल थेट मध्यकर्णात उतरते. पुण्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा दमट असते आणि त्या दिवसांत कानात बुरशी धरण्याचे प्रमाण वाढते. अशा कानात तेल घातले तर खाज आणि दडे दोन्ही वाढतात. तेव्हा आईंना 'तुझे सगळे चुकीचे' असे म्हणू नका. 'डॉक्टरांनी पडदा शाबूत असल्याचे सांगितले की तू म्हणतेस तसे तेल घालू, फक्त लसूण आणि आच नको,' असे म्हणा. तान्ह्या बाळांच्या बाबतीत मात्र मी इतकीही सवलत देणार नाही. मालिश करताना बाळाच्या कानांत आणि नाकात तेल सोडण्याची पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे. ती सरळ बंद करावी.

आता घरी करण्याजोग्या पद्धतीविषयी. ज्यांचा कान पूर्वी कधी फुटलेला किंवा वाहिलेला नाही, कानाची शस्त्रक्रिया झालेली नाही, पडद्यात नळी बसवलेली नाही, आणि ज्यांना सध्या ठणका, स्राव, रक्त, ताप, चक्कर किंवा अचानक आलेला बहिरेपणा यांपैकी काहीही नाही, त्यांनाच ती लागू आहे. मधुमेहींनी आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. औषधाच्या दुकानात मळ मऊ करणारे थेंब मिळतात. सोडियम बायकार्बोनेटचे ५ टक्क्यांचे थेंब हा त्यांतला सौम्य प्रकार आहे. बाटली काही मिनिटे हातांत धरून थेंब अंगाइतके कोमट करावेत, कारण गार थेंबांनी गरगरते. भरलेला कान वर येईल असे कुशीवर झोपावे, कानाची पाळी हलकेच वर आणि मागे ओढावी, चार-पाच थेंब सोडावेत आणि पाच-दहा मिनिटे तसेच पडून राहावे. मग उठून, जे बाहेर येईल ते फक्त पाळीजवळ पुसून घ्यावे. दिवसातून दोन-तीन वेळा, तीन ते पाच दिवस एवढेच करायचे आहे. पहिल्या दिवशी दडे वाढल्यासारखे वाटते, कारण मळ फुगतो. त्यामुळे घाबरून काडी घालू नये. दुखले किंवा आग झाली तर थेंब लगेच थांबवावेत. टर्पेंटाइन, पॅराडायक्लोरोबेन्झीन असे घटक असलेले थेंबही आपल्याकडे बरेच वापरले जातात. त्यांनी काहींच्या त्वचेची जळजळ होते, तेव्हा ते डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज घेऊ नयेत असे माझे मत आहे. कोणते थेंब सर्वांत गुणकारी, असेही मला पत्रांतून अनेकदा विचारले जाते. कोक्रेन या संस्थेने २०१८ साली उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा एक प्रकार दुसऱ्यापेक्षा सरस असल्याचा पुरावा आढळला नाही. साधे पाणी किंवा मिठाचे पाणी विकतच्या थेंबांपेक्षा कमी पडते, असेही दिसले नाही. तेव्हा महागड्या बाटलीच्या मागे लागू नये. पाच दिवसांत मोकळे वाटले नाही तर पुढचे काम डॉक्टरांवर सोपवावे. पिचकारीने घरीच कान धुण्याचा खटाटोप मी सुचवणार नाही. पाण्याचा दाब आणि दिशा या दोन्ही गोष्टी तिथे आपल्या हातात राहत नाहीत.

कॅमेऱ्याच्या कानकोरण्याविषयी थोडेच लिहिते. मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या चित्रात खोली कळत नाही, आणि दुसऱ्या हाताचा नुसता धक्का लागला किंवा शिंक आली तरी टोक कुठे जाईल याचा नेम नसतो. पूर्वी दातकोरण्याबरोबर कडीला अडकवलेले पितळी किंवा चांदीचे कानकोरणे असे. कॅमेरा लावल्याने त्याचा धोका गेलेला नाही. हेअरपिन, किल्ली, आगकाडी यांबाबत तेच. रस्त्यावर किंवा घाटावर बसून कान कोरून देणाऱ्यांचा तो चरितार्थ आहे हे मला कळते, पण एकच अवजार निर्जंतुक न करता अनेकांच्या कानांत फिरते आणि आत काय आहे ते त्यांना दिसत नाही. कानात मेणबत्ती पेटवून मळ 'ओढून घेण्याचा' प्रकारही टाळावा. अशा मेणबत्तीने कानात ओढ निर्माण होत नाही आणि तळाशी दिसणारा 'मळ' मेणबत्तीचाच असतो, हे १९९६ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात दिसून आले. २०१० साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी तिच्यामुळे भाजण्याच्या धोक्याचा इशाराही दिला.

तुमच्या काकांना झालेल्या इजेमुळे तुम्हाला वाटणारी भीती मी क्षुल्लक मानत नाही. कान धुताना पडद्याला इजा होऊ शकते. पडदा आधीच कमकुवत असेल, त्याला जुने छिद्र असेल, किंवा पिचकारीचा दाब फार असेल आणि धार थेट पडद्यावर पडेल, तेव्हा हे घडण्याची शक्यता वाढते. ब्रिटनच्या २०१८ सालच्या मार्गदर्शक सूचनांत हाताने दाबायच्या मोठ्या धातूच्या पिचकारीने कान धुऊ नये असे स्पष्ट सांगितले आहे, ते याच कारणासाठी. परंतु आज कान धुणे ही एकमेव पद्धत राहिलेली नाही. सूक्ष्मदर्शकातून किंवा दुर्बिणीतून पाहत बारीक नळीने मळ शोषून घेता येतो, किंवा बारीक आकड्याने आणि चिमट्याने तो सोडवता येतो. या दोन्हींत कानात पाणी जात नाही आणि डॉक्टरांना टोक कुठे आहे ते सतत दिसत असते. शोषणाच्या यंत्राचा आवाज कानाशी मोठा वाटतो आणि क्षणभर गरगरू शकते, हे आधी माहीत असले म्हणजे दचकायला होत नाही. मळ फार कडक असेल तर डॉक्टर काही दिवस थेंब घालून पुन्हा बोलावतील. ती टाळाटाळ समजू नका, कोरडा खडा ओढून काढण्यापेक्षा ते कितीतरी चांगले. कान धुवायचाच ठरला तर पाणी अंगाइतके, म्हणजे सुमारे ३७ अंश सेल्सिअस, कोमट असावे लागते. गार किंवा गरम पाण्याने आतल्या कानातील तोल सांभाळणारा भाग चाळवतो आणि चक्कर येते. दुखू लागले तर हात वर करून तत्काळ थांबवायला सांगा. हा तुमचा हक्क आहे. काकांची हकीकत डॉक्टरांना अवश्य सांगा आणि 'पाण्याशिवाय काढता येईल का?' असे मोकळेपणाने विचारा. खर्चाची अडचण असलेल्या वाचकांसाठी सांगते की ससून सर्वोपचार रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. डॉक्टरांकडे जाईपर्यंत आंघोळीच्या वेळी कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन चोपडून तो कानाच्या तोंडाशी लावा, आत कोंबू नका, आणि पोहणे बंद ठेवा.

आता आईंविषयी, आणि इथे तुमच्या गृहीताशी मी सर्वांत अधिक असहमत आहे. तुमचा कान आणि त्यांचा कान हे एकाच उपायाने सोडवायचे दोन सारखे प्रश्न नाहीत. वय वाढते तसा मळ कोरडा होतो, नलिकेतले केस जाड होतात आणि त्याचे बाहेर सरकणे मंदावते. तज्ज्ञांच्या अंदाजानुसार वृद्धांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक लोकांच्या कानांत मळ साचलेला असतो. त्यामुळे आईंना कमी ऐकू येण्याचे काहीसे कारण मळ असू शकते आणि तसे असेल तर एका भेटीत फरक पडेल. मात्र याच वयात दोन्ही कानांची श्रवणशक्ती हळूहळू घटते, ती आधी उंच पट्टीतल्या ध्वनींपासून. 'आवाज येतो पण शब्द कळत नाहीत' असे आई म्हणत असतील, तर केवळ मळ काढून भागणार नाही. मळ निघाल्यावर त्यांची श्रवणचाचणी करून घ्या आणि गरज असेल तर श्रवणयंत्राचा विचार लांबणीवर टाकू नका. यंत्र वापरणाऱ्यांच्या कानात मळ अधिक साचतो, म्हणून त्यांनी ठरावीक महिन्यांनी कान पाहून घ्यावेत. यंत्राची शिटी वाजू लागली तर पुष्कळदा कारण तेच असते.

मधुमेहामुळे आईंच्या कानात घरी कोणतेही द्रव घालू नये, असे मी ठामपणे सांगते. मधुमेही वृद्धांच्या कर्णनलिकेत ओल आणि ओरखडा एकत्र आले, की क्वचित असा जंतुसंसर्ग होतो जो कवटीच्या हाडापर्यंत पसरतो आणि जिवावर बेतू शकतो. रात्री झोप न येऊ देणारा ठणका, स्राव किंवा चेहऱ्याची एक बाजू ओढल्यासारखी होणे ही त्याची लक्षणे आहेत; तेव्हा एक दिवसही थांबू नये. त्यांचा मळ काढायचा असेल तर तो कोरड्या पद्धतीने काढणे अधिक बरे.

तुमचा कान मोकळा झाल्यावर पुढे काय करायचे, तेही सांगते. आंघोळीनंतर टॉवेलचे टोक बोटाभोवती गुंडाळून बोट जाईल तेवढाच भाग पुसा. बडचा डबा न्हाणीघरातून काढून टाका. पहिले दोन-तीन आठवडे कान खाजेल, ते सोसा. पुन्हा मळ साचण्याची प्रवृत्ती दिसली तर, आणि पडदा शाबूत असल्याचे डॉक्टरांनी सांगितले असेल तरच, आठवड्यातून एकदा साध्या तेलाचे दोन थेंब घालायला हरकत नाही. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने एकदा कान दाखवलात तर पुरे.

डॉक्टरांची वेळ घेताना दोघांचीही एकाच दिवशी घ्या. फोनवर स्वतःविषयी 'एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, नऊ दिवस झाले' असे नेमक्या शब्दांत सांगा, म्हणजे पुढच्या आठवड्याची तारीख मिळणार नाही. आईंचा मधुमेह, त्यांच्या गोळ्यांची यादी आणि रक्त पातळ करणारे एखादे औषध सुरू असेल तर तेही आधीच कळवा, आणि मळ काढल्यावर श्रवणचाचणी त्याच ठिकाणी होते का, ते विचारून ठेवा.